पहिल्या आठवड्यातले खेळ: नवीन मुलांना बोलतं कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. एमबीबीएसची १५० मुलं आणि त्याच आवारातल्या नर्सिंग कॉलेजची ६० मुलं थोड्याफार अंतराने दाखल होणार. नव्या मुलांसाठी सुरुवातीला घ्यायचा फाउंडेशन कोर्स एका नव्या सहायक प्राध्यापिकेच्या गळ्यात पडलाय. तिला भाषणांचा रतीब घालायचा नाही, खेळ घ्यायचेत. पण वरिष्ठ म्हणतात, "ही काय बालवाडी आहे?" आणि खेळाच्या नावाखाली रॅगिंग झालं तर जबाबदार कोण, हीही धास्ती. मग कोणते खेळ घ्यावेत आणि कसे?

खेळांकडे येतोच, पण आधी एक कसोटी सांगतो. कोणताही खेळ हातात आला की विचारा: वर्गातल्या सगळ्यात गप्प पोरीला यात तोंड उघडायला काही कारण मिळतंय का, आणि १५० जणांच्या नजरा अंगावर न येता तिला ते उघडता येतंय का? या कसोटीला इंटरनेटवरचे निम्मे 'आइसब्रेकर', म्हणजे ओळख व्हावी म्हणून घ्यायचे खेळ, उतरत नाहीत. "एकेकाने स्टेजवर या, नाव-गाव सांगा, एक गाणं म्हणा" हा प्रकार तर बिलकुल नाही. होस्टेलवर याच गोष्टीला 'इंट्रो' म्हणतात. सभागृहात सकाळी दहाला शिक्षकांनी इंट्रो घेतला की रात्री दहाला सीनियरनी घेतलेल्या इंट्रोला आपणच मोकळीक दिल्यासारखं होतं. एकट्याला उभं करणारा खेळ पहिल्या आठवड्यात नको, मग तो कितीही निरागस दिसो.

वरिष्ठांच्या बालवाडीवाल्या शेऱ्याला उत्तर कागदावरच आहे. २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला तेव्हा फाउंडेशन कोर्स महिनाभराचा होता, १७५ तासांचा. त्यात ओळख-परिचयाला ३० तास, कौशल्यांना ३५, समाजातल्या आरोग्य केंद्राच्या भेटीला ८, व्यावसायिक वर्तन आणि नीतिमत्तेला ४०, भाषा व संगणकाला ४० आणि खेळ-छंदांना २२. पुढे हा कोर्स बराच आटोपता झाला. तेव्हा खेळ म्हणजे वेगळा तास मागणं नव्हेच. संवाद, गोपनीयता, हात धुणं, स्थानिक भाषा हे विषय घ्यायचेच आहेत, ते तुम्ही खेळातून घेताय, एवढंच. वेळापत्रकात 'गेम्स' असं लिहू नका. 'संवाद कौशल्य: गटकार्य' लिहा, फाइल बिनबोभाट पुढे सरकते. मात्र खेळांनी प्रथम वर्षाचा निकाल सुधारतो वगैरे दावे करू नका. मुलं एकमेकांना ओळखू लागतात, शिक्षकाशी बोलायला कचरत नाहीत, आणि काही गोष्टी भाषणापेक्षा जास्त लक्षात राहतात. माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

जागा आणि गट आधी ठरवा. लेक्चर हॉलची उतरती गॅलरी खेळाला निरुपयोगी, बाकं हलत नाहीत. डेमो रूम, लायब्ररीचा व्हरांडा, दुपारनंतर रिकामी पडणारी कँटीन, अशा जागा धरा. गट दहा ते बारा जणांचे, त्याहून मोठे नकोत. गट हजेरीपटाच्या क्रमाने पाडू नका. ज्या कॉलेजात हजेरीपट 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर किंवा प्रवेशाच्या फेरीवर लागतो, तिथे त्या क्रमातच सगळं उघडं पडतं. चिठ्ठ्या उडवा. दोन्ही कॉलेजांच्या वेळा जुळल्या तर एमबीबीएस आणि नर्सिंगची मुलं पहिल्याच दिवशी मिसळा. नंतर काही वर्षं ती एकाच वॉर्डात वावरणार आहेत, आणि तिथे पहिली गाठ बहुतेकदा "सिस्टर, ट्रे कुठाय?" अशी पडते.

छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव, मोठ्या अक्षरात. आडनाव नको. आपल्याकडे आडनावावरून पुढचं सगळं ताडणारे लोक असतात, आणि वैद्यकीय महाविद्यालयं त्याला अपवाद नाहीत. नीटचा स्कोअर, रँक, कोटा, प्रवर्ग, वडील काय करतात, हे प्रश्न खेळात निषिद्ध. हा नियम गटप्रमुखाने सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचा, म्हणजे कुणाला "मला नाही सांगायचं" म्हणायची पाळी येत नाही.

आता पहिला खेळ. जोड्या लावा. चार-चार मिनिटं एकमेकांशी बोला आणि मग गटाला स्वतःची नव्हे, जोडीदाराची ओळख करून द्या. इथपर्यंत हे सगळीकडे चालतं. मी त्यात एक अट घालतो: ओळख द्यायला उठण्याआधी जोडीदाराला विचारायचं, "यातलं काय सांगू आणि काय नको?" बस्स, एवढंच. मुलं हसतात, मग एखादी म्हणते, "घरची आठवण येते म्हणून काल रडले ते नको सांगूस." सगळ्या ओळखी झाल्या की गटप्रमुख विचारतो, "तुमच्यापैकी कितीजणांकडे न सांगितलेली एखादी गोष्ट आहे?" जवळपास सगळे हात वर जातात. तिथे थांबायचं आणि सांगायचं, की उद्यापासून रुग्ण तुम्हाला अशाच गोष्टी सांगतील, आणि त्या कँटीनमध्ये जाता कामा नयेत. गोपनीयतेवर तासभर स्लाइड दाखवूनही हे इतकं पोचत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण असताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की उपचार करायला येणारे कित्येकजण नावच सांगत नाहीत. २०१३ साली त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. ही गोष्ट याच खेळाच्या शेवटी दोन वाक्यांत सांगा, आणि मुलांना एकमेकांना "नमस्कार, मी अमुक, इथे शिकतोय" असं म्हणून बघायला लावा. पहिल्यांदा सगळे लाजतात, हरकत नाही.

दुसरा खेळ पाठीला पाठ लावून बसायचा. एकाच्या हातात साधं चित्र, समजा एक चौकोन, त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात अर्धं आत अर्धं बाहेर असं वर्तुळ, आणि वरून आडवी रेघ. तो वर्णन करणार, दुसरा न बघता काढणार. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत विचारायचे. तिसऱ्या फेरीत ऐकणाऱ्याने प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवायची. पहिल्या फेरीतली चित्रं भिंतीवर लावली की हशा पिकतो. 'वरून रेघ' म्हणजे चौकोनाच्या डोक्यावर की चौकोनावरून आरपार? जोडीतले दोघंही स्वतःला बरोबर समजत असतात. तिसऱ्या फेरीतली चित्रं मूळ चित्राच्या पुष्कळ जवळ जातात. मग फोनवर दिलेली तोंडी ऑर्डर सिस्टरने परत वाचून का दाखवायची, हे वेगळं शिकवावं लागत नाही. याच खेळात आकड्यांची एक फेरी घाला. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मराठी घरच्या मुलांनाही 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत गोंधळ होतो, आणि आजोबा वय सांगताना आकडे इंग्रजीत सांगत नाहीत.

भाषेवरच आलो तर तिसरा खेळ सांगून टाकतो, कारण महाराष्ट्रात याला पर्याय नाही. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थान, केरळ, उत्तर प्रदेश, कुठकुठची मुलं येतात. आणि नांदेड-गडचिरोलीहून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सगळं इंग्रजीत चाललेलं पाहून आपणच परके असं वाटतं. रुग्ण जे बोलतो ते चिठ्ठ्यांवर लिहा: पोटात मुरडा मारतो. छातीत कळ येते. हातापायाला मुंग्या येतात. डोळ्यांपुढे अंधारी येते. अंग मोडून आलंय. बारीक कणकण आहे. पाठीत चमक भरली. जीव घाबराघुबरा होतो. आता डमशेराज: चिठ्ठी उचलायची, न बोलता अभिनय करायचा, गटाने ओळखायचं. त्यात एक नियम बदला. अभिनय एकट्याने नाही, दोघांनी करायचा, आणि प्रत्येक जोडीत एक मराठी जाणणारा, एक न जाणणारा. मराठी जाणणारा कानात समजावणार, अभिनय दोघं मिळून करणार. कोट्टयमच्या मुलाला 'मुरडा' करून दाखवताना बघणं हा एक सोहळाच असतो. पण मला यात आवडतं ते वेगळं. या तासभरात वर्गातला सगळ्यात हवाहवासा माणूस म्हणजे तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेली मुलगी. इंग्रजी अडखळतं म्हणून जी मागच्या बाकावर बसली असती, तिला तिन्ही बाजूंनी विचारलं जातं, "कणकण आणि ताप यांत फरक काय ग?" हे शब्द मुलांनी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यावेत. पुढे ओपीडीत बसल्यावर ते पान लागतं.

इथे एक खबरदारी. कुणाच्या बोलीची नक्कल करून हसवायचा मोह काहींना होतो, विशेषतः सीनियरना. तो तिथल्या तिथे मोडायचा.

चौथा खेळ रुग्णालयात फिरण्याचा. त्याची तयारी बाकी सगळ्यांची मिळून लागते त्याहून जास्त लागते, म्हणून तपशिलात सांगतो. बहुतेक ठिकाणी 'कॅम्पस टूर' म्हणजे पन्नास मुलांची रांग आणि पुढे हातवारे करणारे सर. मागच्या तीस जणांना काही ऐकू येत नाही. त्याऐवजी प्रत्येक गटाला एक काल्पनिक रुग्ण द्या. उदाहरणार्थ: खेड्यावरून एसटीने आलेली आजी, पोट दुखतंय, गुडघे धरलेत, वाचता येत नाही, सोबत नववीतला नातू. गटातल्या दोघांनी आजी आणि नातू व्हायचं. आजी जिने चढणार नाही आणि कोणतीही पाटी वाचणार नाही. बाकीच्यांनी तिला केसपेपरच्या खिडकीपासून ओपीडी, तिथून रक्त तपासणी, सोनोग्राफीची तारीख, औषधाची खिडकी, असं फिरवून परत फाटकापर्यंत आणायचं. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न: इथे आजीला काय कळलं नसतं? बसायला जागा होती का? पुढे कुठे जायचं हे तिला कुणी सांगितलं असतं?

उत्तरं चकित करतात. लिफ्ट कुठे आहे याची पाटी लिफ्टच्या आतच आहे. औषधाची खिडकी इतकी उंच, की ठेंगणी बाई आत बघूच शकत नाही. तीन ठिकाणी 'रूम नंबर १२' लिहिलंय. आम्ही वर्षानुवर्षं त्यावरून जा-ये करतो आणि आमच्या डोळ्यांना ते दिसायचं बंद झालेलं असतं. मुलांनी आणलेली ही यादी अधीक्षकांना द्या. त्यातल्या दोन गोष्टी जरी दुरुस्त झाल्या तरी मुलांना कळतं, की आपलं म्हणणं इथे कुणी ऐकतं.

याच फेरीत एक कार्ड ठेवा: रुग्णालयातल्या एका मामांचं किंवा मावशींचं, म्हणजे मदतनीस कर्मचाऱ्याचं, नाव विचारून या, आणि त्यांची पाळी किती वाजता सुरू होते तेही. रुग्णालयात दहा-दहा वर्षं काम करणाऱ्यांना डॉक्टर नुसतं "मावशी" म्हणून हाक मारतात. नाव विचारणारे हे बहुधा पहिलेच असतात, त्यामुळे मावशी पुढची तीन वर्षं त्या मुलांना ओळखतात. याचा फायदा किती, हे रात्रपाळी केलेल्याला विचारा.

नियम कडक ठेवा. सकाळी ओपीडीच्या गर्दीत हा खेळ नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर घ्या. रांगेचा खरा अनुभव त्यामुळे हुकतो, पण रुग्णांच्या पायात येण्यापेक्षा ते बरं. वॉर्डात, अपघात विभागात, प्रसूतिकक्षात जायचं नाही. धावायचं नाही, गटांमध्ये वेळेची शर्यत लावायची नाही, स्ट्रेचर आलं की भिंतीला टेकायचं, आणि फोटो काढायचेच नाहीत. सुरक्षारक्षक, मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख) आणि खिडकीवरच्या कारकुनांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटून सांगा. परिपत्रक काढून भागत नाही, ते वाचत कुणी नाही. आजीसाठी एकच व्हीलचेअर न्यायची आणि ती रुग्णांच्या वापरातली नको.

राजा-राणी-चोर-शिपाई लहानपणी सगळ्यांनी खेळलेलं असतं, त्याच धर्तीवर पाचवा खेळ बेतता येतो. सहा चिठ्ठ्या: निवासी डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, मावशी, नातेवाईक. प्रत्येक चिठ्ठीवर रुग्णाबद्दलची एकच माहिती. चिठ्ठी दाखवायची नाही, बोलून सांगायची. दहा मिनिटांत ठरवायचं, की हे इंजेक्शन द्यायचं का. मावशीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: 'मागच्या वेळी भरती असताना असंच इंजेक्शन दिल्यावर याच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या, मी चादर बदलत होते.' बऱ्याच गटांत डॉक्टरची चिठ्ठी मिळालेला मुलगा बोलायला लागतो, बाकीचे त्याला पुरवणी माहिती देतात, आणि मावशीला कुणी विचारतच नाही. ती स्वतःही बोलत नाही. चिठ्ठी लागून जेमतेम पाच मिनिटं झाली, कुणाला काही शिकवलेलं नाही, तरी चढउतार आपोआप तयार! हे त्यांनी स्वतः पाहिलं, की टीमवर्क या विषयावर तुम्हाला फार बोलावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत, चीर देण्याआधी चमूतल्या सगळ्यांनी नाव आणि भूमिका सांगावी असा मुद्दा आहे, तो कशासाठी, हे इथे जोडून द्या.

हात धुण्याचा खेळ सगळ्यांना ठाऊक असेल: पातळ हातमोजे घालायचे, तळव्यावर थोडा पोस्टर कलर, डोळे मिटून 'हात धुवायचे', मग डोळे उघडून रंग कुठे लागायचा राहिला ते बघायचं. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. साबण-पाण्याने पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची, सॅनिटायझरने २० ते ३०, हे तिथेच सांगा. सीपीआरमध्येही, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या उपचारात, मिनिटाला १०० ते १२० चा ठेका गटाने टाळ्या वाजवून धरायचा खेळ छान होतो. मॅनिकिन, म्हणजे सरावाच्या बाहुल्या, कमी असल्या तरी टाळ्यांना खर्च नाही.

आता कोणते नकोत. एकमेकांचे हात धरून गुंता सोडवायचा खेळ, डोळे बांधून विश्वासाने मागे पडायचा खेळ, अंगाला अंग लागणारं काहीही नको. मुलं-मुली घराबाहेर पहिल्यांदा पडलीत, वेगवेगळ्या घरांतून आलीत. खाण्याचे खेळ नकोत, नवरात्राचे उपास चालू असतात आणि प्रत्येकाच्या घरची पथ्यं निराळी. मोबाइलवरची प्रश्नमंजूषा गंमत म्हणून ठीक, पण पडद्यावर पहिल्या पाच जणांची नावं झळकवणं बंद करा. दोन-दोन वर्षं रँकच्या मागे पळून ही मुलं आलीत, आल्या आल्या पुन्हा रँक कशाला? गटाचे गुण दाखवा किंवा दाखवूच नका. एस्केप रूमची सध्या फॅशन आहे. कुलपं, सांकेतिक आकडे, बंद पेट्या वगैरे. चाळीस जणांच्या वर्गाला जमून जातं. दीडशे जणांना घ्यायचं तर तुमचे सगळे ट्यूटर दिवसभर कुलपं लावत बसतील. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

प्रत्येक खेळानंतर चर्चा हवीच, आणि तिला खेळाइतकाच वेळ हवा. वेळ कमी पडला तर खेळाची फेरी कापा, चर्चा कापू नका. गोल करून बसायचं आणि तीन प्रश्न ओळीने घ्यायचे: काय झालं? असं का झालं? वॉर्डात हे कुठे घडेल? पहिल्या प्रश्नावर शिक्षकाने अजिबात तोंड उघडायचं नाही. आपल्याला ते जड जातं. शांतता पसरली की आपण उत्तर देऊन मोकळे होतो. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, कुणीतरी बोलतंच.

रॅगिंगची धास्ती रास्त आहे, त्यामुळे तिला बाजूला सारू नका. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. पहिल्याच सत्रात हे सांगा, आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक फळ्यावर नुसता लिहू नका, प्रत्येकाच्या बिल्ल्याच्या मागे छापा. सीनियरना घ्यावं का? घ्यावं. नाहीतर ते आपली वेगळी सोय बघतात. पण निवडून घ्या, आधी त्यांच्याकडून हेच सगळे खेळ खेळून घ्या, प्रत्येक गटात दोन सीनियर आणि एक शिक्षक ठेवा. संध्याकाळी सहानंतर आणि होस्टेलवर कोणताही 'स्वागताचा खेळ' नाही, हे लेखी द्या. प्रत्येक मुलाला एक कोरं कार्ड द्या. ते समोर ठेवलं की त्या फेरीतून तो बाहेर, कारण विचारायचं नाही. बाहेर बसणाऱ्याला वेळ बघायचं किंवा नोंदी घ्यायचं काम द्या, म्हणजे तो कोपऱ्यात एकटा दिसत नाही. कार्ड कितीजण वापरतात यावर लक्ष ठेवा. एकाच गटात वारंवार निघायला लागली तर त्या गटात काहीतरी बिनसलंय, त्या दिवशीच बघा.

आणि एक गोष्ट जवळपास सगळ्या कॉलेजांत राहून जाते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. तिसऱ्या फेरीतली, उरलेल्या जागांवरची मुलं येईपर्यंत फाउंडेशन कोर्स उरकलेला असतो, ओळखी पक्क्या झालेल्या असतात, कँटीनमधली टेबलंही वाटली गेलेली असतात. हीच मुलं पुढे एकटी पडतात. म्हणून पहिल्या दिवशी गट पाडतानाच प्रत्येक गटात एक-दोन जागा रिकाम्या सोडा आणि गटाला तसं सांगून ठेवा. उशिरा आलेल्यासाठी सगळे खेळ पुन्हा घेणं शक्य नसतं, दोनच घ्या. एक जोडीने ओळख करून द्यायचा, "काय सांगू आणि काय नको" या अटीसकट. दुसरा आजीला घेऊन रुग्णालयात फिरायचा, त्यात या वेळी नव्या मुलाने आजी व्हायचं आणि गटाने त्याला फिरवायचं. मेट्रनना आदल्या दिवशी पुन्हा सांगून ठेवायला विसरू नका.